सप्टेंबरअखेरपर्यंतचा आवाज

५ जून

आईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. एकच ओळ होती, म्हणून कागद उलटून मागेही पाहिलं. "तिचा आवाज कुठे भरून ठेवलेला असेल तर पाठवा." पाकिटावर माझं नाव नव्हतं, नुसता पत्ता होता. तरी पोचलं.

तुम्हाला काय म्हणून लिहावं हे आपल्यात कधी ठरलं नाही. लग्नाला तुम्ही आला नाहीत, आणि नंतर तसा प्रसंग आला नाही. एप्रिलमध्ये ती गेली तेव्हा तिला शेवटचा निरोप द्यायला आलात तेव्हा मागे उभ्या होतात आणि मी वळलो तोवर गेला होतात. ती आई म्हणायची म्हणून मी तेच लिहिलं आहे. चालत नसेल तर कळवा, बदलतो.

आवाजाचं असं आहे. मी घरात शोधलं. तिच्या फोनमध्ये, माझ्या फोनमध्ये, जुन्या लॅपटॉपवर. फोटो भरपूर आहेत. व्हिडिओ तीनच सापडले. एकात खिडकीत बसलेलं शेजारचं मांजर आहे, आणि मी काहीतरी बोलायला जातो तेव्हा ती "श्श" म्हणते. एवढंच. बाकी दोन्हींत मीच बोलतो आहे, ते तुमच्या कामाचे नाहीत.

तुम्हाला हे विचित्र वाटेल. नवरा-बायको सहा वर्षं एका घरात राहतात आणि आवाज नाही. पण आम्ही दोघंही टेक्निकल सपोर्टमध्ये. दिवसभर कानाला हेडफोन आणि पलीकडे कुणीतरी वैतागलेलं. घरी आल्यावर तोंड उघडायची इच्छा राहत नाही. आम्ही एकाच सोफ्यावर बसून एकमेकांना मेसेज करायचो. "दूध संपलंय." "पाहिलं." भांडणसुद्धा लिहूनच. ती आधी सगळं लिहायची, मग त्यातले टोकदार शब्द काढायची आणि मग पाठवायची. कामाची सवय. बोलून पाठवलेले मेसेज तिला आवडत नसत. म्हणायची, "ऐकायचा पगार मिळतो मला. फुकट कोण ऐकत बसणार."

तिचा आवाज आहे, पण तो कंपनीत आहे. ग्राहकाशी होणारा प्रत्येक कॉल आमच्याकडे भरून ठेवतात. फोन लावल्यावर सुरुवातीला तसं सांगितलं जातं, तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. काही महिन्यांनी ते आपोआप पुसलं जातं. तिचे आधीचे कॉल गेले. शेवटचे जे आहेत ते सप्टेंबरअखेर जातील.

ते बाहेर काढता येत नाहीत. त्यात ग्राहकाची माहिती असते. काढणाऱ्याची नोकरी जाते, आमच्याच मजल्यावर एकाची गेली आहे. मी वर रीतसर विचारतो. मी स्वतः त्या फायली उघडलेल्या नाहीत.

माझं ठीक आहे. कामावर जातो.

ठकीचा नवरा
(ती सांगायची की घरात तुम्ही तिला ठकी म्हणता. आमच्याकडे हे नाव कोणाला माहीत नव्हतं.)


२७ जून

बाई,

बरं झालं कळवलंत. "सगळी शाळा बाई म्हणते, तुम्हीही तेच म्हणा," हे मला सोपं जाईल. आमच्या इथे ठकीला मास्तरीण म्हणत. नवीन मुलं आली की त्यांना तिच्या शेजारी बसवायचे. ती शिकवायची कमी आणि गप्प बसायला जास्त लावायची. "आधी त्याचं पूर्ण ऐका. माणूस फोन करतो तेव्हा त्याने आधी स्वतः दुरुस्त करायचा प्रयत्न केलेला असतो, म्हणजे एकाच्या दोन गोष्टी बिघडलेल्या असतात."

तुम्ही लिहिलंत की ती माझ्यामुळे तिथे अडकली. तुम्ही तिला गणितात पुढे आणलं, इंजिनिअर केलं, आणि ती लोकांची कटकट ऐकत बसली. "दुसऱ्यानं सांडलेलं पुसायला एवढं शिकायची काय गरज होती?" हे वाक्य तिनेही मला एकदा सांगितलं होतं, असंच्या असं. तुमच्याच तोंडचं असणार.

काम तसंच आहे, त्यात खोटं नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं बिघडतं, आम्ही पुसतो. आमच्याकडे तीन फळ्या असतात. पहिल्या फळीतला समोर लिहिलेलं वाचून उत्तर देतो. दुसऱ्या फळीत थोडा विचार करायची मुभा असते. तिसऱ्या फळीकडे फोन येतो तेव्हा समोरचा ओरडत तरी असतो किंवा रडत तरी. ठकी तिसऱ्या फळीत होती. मी दुसऱ्या. म्हणजे हुद्द्याने ती मला वरिष्ठ होती, हे तुम्हाला बहुधा माहीत नाही.

बरेच जण सपोर्टकडे बसस्टॉपसारखं बघतात. थोडे दिवस उभं राहायचं, डेव्हलपमेंटची गाडी आली की चढायचं. तिच्यासाठी गाडी आली होती. प्रॉडक्ट बनवणाऱ्या टीमच्या प्रमुखाने स्वतः बोलावलं होतं, पगार वाढणार होता, फोनही घ्यावे लागणार नव्हते. मीच म्हणालो, जा. दोन संध्याकाळी मी तिला तेवढंच लिहीत होतो. तिने नाही म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाली, "ते लोक उंटावरून शेळ्या हाकतात. मला शेळ्यांत बरं वाटतं." मग तुम्हाला फोन करून सांगितलं. त्या फोननंतर तुमचं बोलणं थांबलं, एवढं मला माहीत आहे. तेव्हा आमचं लग्न ठरायचं होतं. मी तिला थांबवलं असतं तरी ती थांबली नसती आणि ढकलून ती गेली नाही. तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

आता आवाजाचं. मी आमच्या मॅनेजरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "रेकॉर्डिंग आपलं नाही, ग्राहकाचं. त्यांची हरकत नसेल तर मी वर विचारते. पण कुठलं? शंभर ग्राहकांना पत्रं पाठवू शकत नाही मी." मी एकच निवडलं. औषधांचं एक मोठं शीतगृह आहे. लसी वगैरे ठेवतात. त्यांच्या खोल्यांचं तापमान आमच्या यंत्रणेवर दिसतं. मार्चमध्ये एका दुपारी ते दिसायचं बंद झालं. खोल्या गार आहेत की तापताहेत, कळेना. तिथला गोदामप्रमुख आणि ठकी, दोघंच लाईनवर होते. लांब कॉल आहे. मध्ये ती दोनदा पाणी पिते, एकदा त्याला विचारते की तुम्ही जेवलात का. तुम्हाला आवडेल असं वाटतं.

त्यांना पत्र गेलं आहे. उत्तर आलं की कळवतो.

तिची खुर्ची अजून कोणाला दिलेली नाही. हेडफोन साफ करून सामानाच्या कपाटात जमा केला. त्याचा स्पंज एका बाजूने फाटला होता, तो बदलून घेतला नव्हता तिने.


२ ऑगस्ट

बाई,

तुम्ही पकडलंत. "फायली उघडल्या नाहीत म्हणता, मग ती दोनदा पाणी प्यायली हे कुठून कळलं?" पेपर तपासणाऱ्याची नजर आहे तुमची. पत्र टाकताना माझ्या लक्षात आलं नाही.

मला ते ऐकता येत होतं. आमच्यातल्या काही जणांना दर्जा तपासणीचं काम असतं. कॉल ऐकायचे, गुण द्यायचे. स्पष्ट बोलला का, ग्राहकाचं नाव घेतलं का, शेवटी आणखी काही मदत हवी का विचारलं का. त्या कामासाठी मला रेकॉर्डिंग उघडायची परवानगी होती. कामावर परत आलो त्या आठवड्यापासून मी जेवायच्या सुट्टीत तो कॉल लावायचो. दुसऱ्या कुठल्या कॉलला हात लावला नाही. हा एकच. डबा शेजारी असायचा. कोणी आलं तर मी काम करतोय असं दिसायचं, आणि तसं ते कामच होतं.

तुम्हाला खोटं लिहिलं, कारण तुमच्याकडे काहीच नव्हतं आणि माझ्याकडे रोज होतं.

आमच्याकडे कोणी काय उघडलं याची नोंद राहते. हे मला माहीत नसायला मी काही नवा नाही. आठ वर्षं मी लोकांना हेच सांगतो की तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण आम्हाला दिसतं. मॅनेजरबाईंनी आत बोलावलं.

"एकाच कॉलची इतक्या वेळा तपासणी?"

मी त्यांच्या स्क्रीनवरची यादी वाचत राहिलो.

"गुण किती दिलेत?"

"दिले नाहीत अजून."

"अरे, मग निदान गुण तरी द्यायचे, म्हणजे मला वर काही सांगता आलं असतं." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मी काय करू आता तुझं? सांग. तूच सांग."

मी म्हटलं, परवानगी काढून घ्या. त्यांनी माझ्यासमोरच काढली. लेखी ताकीद दिली, नोकरी ठेवली. बाहेर पडताना म्हणाल्या, "जेवत जा रे बाहेर कुठेतरी. उन्हात बस." त्या दिवसापासून मी खाली पार्किंगच्या कठड्यावर जेवतो.

म्हणजे आता मलाही ऐकता येत नाही. तुमचं आणि माझं सारखंच झालं.

शीतगृहाच्या गोदामप्रमुखाचं उत्तर आलं आहे. आधी त्यांना बातमी माहीतच नव्हती. त्यांनी लिहिलंय, "त्या बाई गेल्या हे वाचून खुर्चीत बसलो. आमची हरकत नाही. फक्त सुरुवातीला मी शिव्या दिल्या आहेत, तेवढा भाग त्यांच्या आईंना ऐकवू नका. त्या बाईंना दिल्या नव्हत्या, यंत्राला दिल्या होत्या, पण ऐकणाऱ्याला काय कळणार." मी त्यांना कळवलं की ठकीला कळलं होतं.

कंपनीच्या कायदेवाल्यांचंही आलं. फाईल बाहेर देणार नाहीत, कोणालाच. मोबाइल आत नेता येणार नाही. ऑफिसमध्ये, मॅनेजरबाईंसमोर, एकदाच ऐकता येईल. आणि एकच नातेवाईक. मी पुन्हा विचारलं की दोघं का नाही. उत्तर आलं की एकच.

त्यांच्या कागदावर माझं नाव होतं. मी ते बदलून तुमचं घातलं आहे.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंत, "त्या इमारतीत मी पाय ठेवणार नाही, हे मी तिला सांगितलं होतं आणि मी शब्द फिरवत नाही." ते मला माहीत आहे. ती पण फिरवायची नाही, म्हणूनच इतकी वर्षं गेली. मी तुम्हाला आग्रह करत नाही. मला तो करता येतही नाही. फक्त माहिती देतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार धरून ठेवला आहे, सकाळचा. स्टेशनवरून बस थेट ऑफिससमोर थांबते. आत आलात की डावीकडे पाहुण्यांची नोंद होते, तिथे तुमचं नाव सांगून ठेवलेलं असेल. गुडघे दुखतात असं ती म्हणायची, लिफ्ट आहे. खोलीत पंखा नाही, एसी आहे आणि तो जास्त असतो, शाल आणा.

नाही आलात तर सप्टेंबरअखेर ते पुसलं जाईल आणि मग कोणालाच ऐकता येणार नाही. दबाव म्हणून लिहीत नाही. तारीख तशीच आहे.


१ ऑक्टोबर

बाई,

तुमचं पत्र काल आलं. प्रवास नीट झाला हे वाचून बरं वाटलं. शाल आमच्याकडे राहिली आहे. पाहुण्यांच्या नोंदीच्या टेबलावर होती, मी घरी आणली. धुतलेली नाही, तशीच घडी करून ठेवली आहे. पाठवू का, की येऊन न्याल, ते सांगा.

त्या मंगळवारी तुमच्याशी मला फारसं बोलता आलं नाही. तुम्हीही फार बोलला नाहीत, त्यामुळे कोणाचं कोणाला ओझं झालं नाही. मी दारापाशी "या" म्हणालो, तुम्ही म्हणालात, "तू बारीक दिसतोस." आधी अहो-जाहो लिहीत होतात.

तुम्ही आत बसलात ती खोली काचेची आहे. मी बाहेर फोटोकॉपीच्या यंत्रापाशी उभा होतो. तिथे उभं राहायला मनाई नव्हती. आवाज येत नाही. तुम्ही पाठमोऱ्या होतात, हेडफोन तुम्हाला मोठा होत होता, मॅनेजरबाईंनी तो मागून आवळून दिला. त्यांनी शिव्यांचा भाग सोडून लावायचं ठरवलं होतं. नंतर कळलं, तुम्हीच म्हणालात, "सगळं लावा. पंचवीस वर्षं मुलांच्या शाळेत होते."

मला ते पाठ आहे, म्हणून तुम्ही कुठे आहात हे मला बाहेरून कळत होतं. तुमचे खांदे हलले तेव्हा ती म्हणाली होती, "मला आत्ता माहीत नाही. शोधते." तुम्ही रडत आहात असं मला वाटलं. लिफ्टपाशी तुम्ही सांगितलंत की हसला होतात. "मला माहीत नाही, हे ठकी म्हणाली? माझ्यापुढे जन्मात म्हणाली नाही. आणि मी तरी कुठे कोणापुढे म्हणाले." मग लिफ्ट आली. ती आल्यावर तुम्ही चढला नाहीत, तिला जाऊ दिलंत. म्हणालात, "चिडचिडी होती रे घरात. तिथे कशी बोलत होती." मी म्हटलं, घरी बोलतच नव्हती. तुम्ही म्हणालात, "मग बरं होतं तुझं." हे तुम्ही चेष्टेने म्हणालात हे मला बस गेल्यावर कळलं.

तुम्ही विचारलं आहे की मधे बराच वेळ कोणीच बोलत नव्हतं, तेव्हा ती काय करत होती. मॅनेजरबाईंना वाटलं तिथे काही नाही, म्हणून त्यांनी पुढे न्यायला माउसकडे हात नेला आणि तुम्ही त्यांचा हात धरून ठेवलात. ते मी काचेतून पाहिलं. त्या मला नंतर म्हणाल्या, "आईंनी हात सोडलाच नाही, कॉल संपेपर्यंत. मला शिंक आली तरी." त्यांना राग आलेला नाही.

तर ते असं. ठकीने चूक शोधली होती आणि यंत्रणा नव्याने चालू केली होती. चालू व्हायला वेळ लागतो. प्रत्येक खोलीतला तापमापक एकेक करून जोडला जातो. त्या वेळात करण्यासारखं काही नसतं, कोणालाच. सगळ्या खोल्या दिसू लागतील की नाही हेही तोवर कळत नाही. आतल्या लसी गेल्या असतील तर त्या आधीच गेलेल्या असतात. आमच्याकडे अशा वेळी ग्राहकाला थांबवून ठेवायचं बटण आहे. ते दाबलं की त्याला संगीत ऐकू जातं, आपण जाऊन कॉफी आणू शकतो. मी दाबतो. सगळे दाबतात. दर्जा तपासणीत लांब शांतता हा दोष धरतात.

ती दाबायची नाही. तिचं म्हणणं होतं, माणसाचा जीव टांगणीला लागलेला असताना त्याला बासरी काय ऐकवायची. आणि उगाच "सर, थोडा वेळ लागेल, सर" असंही म्हणायची नाही. ती माइक चालू ठेवून बसायची. तुम्हाला जो खर्र आवाज आला तो तिच्या खुर्चीचा. नंतर एक बारीक ठक ठक आहे, ती पेनाचं टोपण टेबलावर आपटते. पलीकडे तो गोदामप्रमुखही काही बोलत नाही, त्याचा श्वास ऐकू येतो, आधी जोरात आणि मग कमी कमी होत जाणारा. त्याला कळत होतं की लाईनवर कोणीतरी आहे. बस. ती दुसरं काही करत नव्हती.

मीही जेवताना तोच भाग ऐकायचो. बोलण्याचा नाही. हे मॅनेजरबाईंना सांगितलं नाही. तुम्ही हात धरलात तेव्हा मी यंत्रापाशी उभा होतो आणि कोणीतरी मागून विचारलं की तुमच्या प्रती काढून झाल्या का. मी हो म्हटलं आणि बाजूला झालो, पण गेलो नाही.

काल ते रेकॉर्डिंग पुसलं गेलं असणार. पुसल्यावर आम्हाला काही सूचना येत नाही. मी आज कामावर होतो. तिच्या खुर्चीवर नवीन मुलगी बसली आहे, पहिल्या फळीतून आलेली, हुशार आहे. तिसऱ्या फळीत येणार का, असं मॅनेजरबाईंनी मला विचारलं आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुमचं मत काय ते लिहा, लिहावंसं वाटलं तर.

खाली माझा फोन नंबर देतो आहे, तुमच्याकडे नसेल. रविवारी मी घरीच असतो. मला फोनवर कामाचं बोलता येतं, स्वतःचं येत नाही, आणि तुमचंही तसंच आहे असं ती सांगायची. तुम्ही लावलात तर मी उचलेन. दोघांपैकी कोणी काही बोललं नाही तरी मी फोन ठेवणार नाही.